एका हाताने मटार

आमच्या शाळेत 'डिझाइन'चा तास सुरू झाला तेव्हा तो माझ्या गळ्यात पडला, कारण बाकीच्यांनी आपापले गळे वेळेवर बाजूला घेतले होते. मी भौतिकशास्त्र शिकवते. शाळा जबलपूरच्या राइट टाउनमध्ये, घरापासून स्कूटरने हाकेच्या अंतरावर, आणि निवृत्ती आता डोळ्यांना दिसायला लागलेली. अशा वयात माणसाला नवीन खूळ नको असतं. प्राचार्य म्हणाले, मुलांनी काहीतरी वस्तू हाताने बनवायची, ती वापरून बघायची, मोडली तर परत बनवायची, एवढंच तर आहे मॅडम. मी जन्मभर तरफेचे तीन प्रकार फळ्यावर रंगीत खडूने काढत आले होते, पण माझ्या हाताने एकही तरफ बनलेली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकण्यात हयात गेली होती आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पण नाही म्हणायला सबळ कारण सापडेना, म्हणून हो म्हटलं.

तासाचा नियम सोपा होता. आधी एक खरा माणूस शोधायचा, ज्याला खरी अडचण आहे. त्याच्याजवळ बसायचं, बघायचं. मग त्याच्यासाठी वस्तू बनवायची आणि त्याच्या हातात द्यायची. ती चालली की नाही हे त्याने सांगायचं, शिक्षकाने नाही. हे शेवटचं वाक्य मला अजिबात आवडलं नव्हतं.

आठवीच्या मुलांनी पहिल्या आठवड्यात जी खरी माणसं शोधून आणली ती सगळी म्हणजे ती मुलं स्वतःच होती. कुणाला गृहपाठ करणारं यंत्र हवं होतं, कुणाला सकाळी आईला न कळता पांघरूण परत ओढून घेणारं. एका मुलाकडे प्रत्येक अडचणीवर एकच औषध होतं, मोटर. दप्तर जड आहे, मोटर लावू. फळा पुसायचा आहे, मोटर लावू. मी त्याला मनातल्या मनात मोटरवाला म्हणायला लागले आणि थोड्याच दिवसांत तोंडावरही.

मोटरवाल्याच्या चौघांच्या गटात एक मराठी मुलगी होती. खमरियाच्या कारखान्याच्या क्वार्टर्समधून बसने यायची. तिचं मराठी घरातल्या घरात वापरलेलं, अर्धं हिंदीत भिजलेलं. पण माझ्याशी मराठीतच बोलायचं असं तिने ठरवून टाकलं होतं आणि ती ठरवलेलं सोडत नसे. ती तास संपल्यावर माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, आम्ही सरांसाठी काही बनवायचं का?"

"कोण सर?"

"तुमच्या घरचे सर. त्यांना लकवा झाला ना. पप्पा सांगत होते."

तिचे वडील माझ्या नवऱ्याच्या हाताखाली काम करत होते, हे मला तेव्हाच कळलं. माझं डोकं तडकलं. मी म्हटलं, "माझं घर काही प्रयोगशाळा नाही. दुसरं कुणी शोधा."

ती हलली नाही. "काहून मॅडम? तुमच्याच घरी तर आहे खरी अडचण. आम्ही बाहेर काहून शोधून राहिलो?"

मी तिला वर्गात पाठवून दिलं. पण गोष्ट खरी होती आणि खऱ्या गोष्टीचा मला नेहमीच जास्त राग येतो.

यांना पक्षाघात होऊन वर्ष उलटून गेलं होतं. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायचा, आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, डॉक्टर तसं सांगत आणि मलाही ते दिसत होतं, पण शब्द म्हणून बाहेर यायचा तो एक 'हं', आणि पुढे पुढे तोही येईनासा झाला. हे कारखान्यात तपासणीच्या खात्यात होते. यांच्यासमोर तयार झालेला भाग यायचा, हे तो बोटांत फिरवायचे, मापात घालून बघायचे आणि मग एका नाहीतर दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवायचे. उजवीकडचा पास, डावीकडचा रिजेक्ट. घरीही तेच. माझ्या पोळ्या, शेजाऱ्यांचा नवा रंग, मुलीचं स्थळ, सगळं दोनपैकी एका ट्रेमध्ये. आम्ही त्यावरून आयुष्यभर भांडलो, आणि मीही काही कमी पडणारी नव्हे.

आता ते सगळं थांबलं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी डाव्या हाताला काम द्या म्हणून बजावलं होतं. त्यांनी आणलेला मऊ चेंडू, रंगीत खुंट्यांची पाटी, हे सगळं यांनी एकेकदा हातात घेतलं आणि खाली टाकून दिलं. लहान मुलाची खेळणी यांना नको होती. हे व्हरांड्यातल्या खुर्चीत बसत, ऊन सरकेल तशी मी खुर्ची सरकवत असे, आणि मी हळू, गोड, समजुतीच्या आवाजात बोलत असे. ताईंनी मला एकीकडे घेऊन सांगितलं होतं, हाताला काम मिळालं नाही तर मनही हात सोडून देईल. मला दिवसरात्र तीच भीती होती. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत खुर्चीतच विरून जाईल आणि मी त्याला उन्हात सरकवत बसेन.

त्या संध्याकाळी चहा पाजताना मी रागाच्या भरात यांना सगळं सांगितलं. आजकालची मुलं कशी आगाऊ असतात, म्हणे तुमच्यासाठी वस्तू बनवणार, म्हणे तुमचं घर. यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी बघितलं. मी त्याचा अर्थ हो असा घेतला. चुकला असता तर चुकला असता.

मुलं शनिवारी आली. मी आधीच तयारी करून ठेवली होती. बटणं लावता येत नाहीत, कपाचा कान धरता येत नाही, चप्पल पायात जात नाही, असं सगळं मी म्युझियममधल्या वाटाड्यासारखं क्रमाने दाखवलं. मोटरवाल्याने सगळ्याला मान डोलावली. मुलगी मात्र ऐकतच नव्हती. ती यांच्या खुर्चीसमोर पायरीवर बसली होती आणि नुसती बघत होती. मी पोहे करायला आत गेले.

थंडीतल्या जबलपूरमध्ये मटाराशिवाय दुसरं काही नसतं. शेजारच्या पाटण गावाच्या बाजूने पोती भरभरून येतात, ठेल्यांवर हिरवे डोंगर लागतात, आणि शाळेतल्या मुलांच्या खिशात पेनाऐवजी शेंगा सापडतात. मोटरवाल्याच्याही खिशात होत्या. त्याने खाता खाता मूठभर टेबलावर काढून ठेवल्या होत्या. मी पोहे घेऊन बाहेर आले तेव्हा हे नेहमीसारखे बसले होते, हात मांडीवर. मला काही दिसलं नाही.

सोमवारी तासाला मी विचारलं, "मग काय ठरलं? बटणं की कप?"

मुलगी उभी राहिली. "मटर."

"काय?"

"सरांना मटर सोलायचे आहेत. तुम्ही आत गेल्या ना, तेव्हा त्यांनी शेंग उचलली. मांडीवर ठेवून अंगठ्याने दाबली. ती घसरून गेली. मग दुसरी उचलली. तीपण गेली. तुम्ही आल्या तर हात मागे घेतला."

"आणि बटणं?"

"बटणं तर तुमची प्रॉब्लेम आहे मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हाला लावून द्यावी लागतात म्हणून. सरांची प्रॉब्लेम मटर आहे."

वर्गात मुलं होती म्हणून मी खुर्चीवर बसले. घरी असते तर जमिनीवर बसले असते. तेरा वर्षांच्या पोरीला कुणी हे शिकवलं? मी तर नाही. तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं की आमच्या घरात मटार हे यांचं खातं होतं. लग्न झाल्यापासून मी मटार सोललेला नाही. थंडीतल्या सुटीच्या दिवशी हे गच्चीवर वर्तमानपत्र अंथरून बसत, शेजारी रेडिओ, आणि दुपारपर्यंत डबेच्या डबे भरत. मोठे दाणे उसळीला, बारीक करंजीला, किडके गायीला. सोलतानाही तपासणी चालूच. आजारानंतरच्या पहिल्या थंडीत मी बाजारातून आयते सोललेले दाणे पिशवीतून आणले आणि शेंगा घरात शिरू दिल्या नाहीत. बघून वाईट वाटायला नको, असा माझा हिशेब होता.

मुलांनी पहिलं यंत्र मोठ्या जोमात बनवलं. दोन लाटणी एकावर एक बसवलेली, बाजूला फिरवायला दांडा. शेंग एका बाजूने मध्ये सरकवायची, दांडा फिरवायचा, साल पलीकडे जाते आणि दाणे अलीकडे टपाटप पडतात. शाळेत आम्ही ते करून बघितलं तेव्हा मी स्वतः टाळ्या वाजवल्या. भौतिकशास्त्र माझं होतं, लाटणी माझ्या स्वयंपाकघरातली होती, आणि दाणे पडत होते. मला वाटलं, गड सर झाला.

शनिवारी ते यांच्यापुढे ठेवलं. यांनी आधी हात लावला नाही. मग डाव्या हाताचं एक बोट लाटण्यांवरून फिरवलं, सांध्याशी थांबले, दांडा एकदा हलवून बघितला. आणि मग ते पूर्ण यंत्र हाताने ढकलत ढकलत टेबलाच्या डाव्या काठाशी नेऊन ठेवलं.

मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मला तो हात ओळखीचा होता. मी मास्तरकीच्या आवाजात म्हटलं, "रिजेक्ट."

मोटरवाल्याचा चेहरा पडला. मुलीने मात्र खुर्ची पुढे ओढली. "काहून रिजेक्ट, सर?"

तिने माझ्याकडे नाही, यांच्याकडे बघून विचारलं होतं, आणि मग गप्प बसून राहिली. मी मध्ये पडणार होते. यांच्या वतीने उत्तरं द्यायची मला सवयच लागली होती. पण ती पोरगी ज्या तऱ्हेने वाट बघत होती, त्यात तिसऱ्याला जागा नव्हती. यांनी बोट दांड्यावर ठेवलं. मग बोट शेंग सरकवायच्या जागेवर ठेवलं. मग आपला डावा हात उचलून तिच्या तोंडासमोर धरला. एकच हात.

आम्ही सगळे त्या हाताकडे बघत राहिलो. फिरवायला एक हात आणि शेंग द्यायला दुसरा. एका हाताच्या माणसासाठी आम्ही दोन हातांचं यंत्र बनवलं होतं, आणि भौतिकशास्त्राच्या बाईंसकट एकालाही ते दिसलं नव्हतं, कारण आमचे दुसरे हात न विचारता आपोआप मदतीला येत होते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मोटरवाला हळूच म्हणाला, "तो मोटर लगा दें?" आणि मुलीने त्याच्याकडे असं बघितलं की त्यानंतर बरेच दिवस त्याने तो शब्द काढला नाही.

त्या रात्री जेवताना हे माझ्याकडे बघून 'हं' म्हणाले. मीठ कमी होतं.

पुढच्या आठवड्यात मुलगी शाळेत आली ती उजवा हात ओढणीने अंगाशी बांधून. वर्गशिक्षिकेने मला बोलावून घेतलं, तुमच्या तासाची ही काय थेरं चाललीत म्हणून. मुलगी म्हणाली, "मोकळा ठेवला तर तो चोरून मदत करून राहिला, मॅडम. म्हणून बांधला." तिने डाव्या हाताने डबा उघडला, म्हणजे गुडघ्यांत धरून उघडला. डाव्या हाताने वेणीतून निसटलेले केस मागे सारले. डाव्या हाताने वही लिहिली, ती मला वाचता आली नाही. मधल्या सुटीत पोरांनी तिला चिडवलं, तिने लक्ष दिलं नाही. तिच्यापुढे शेंगांचा ढीग होता आणि ती एक एक शेंग बाकावर दाबत होती, सांडत होती, परत उचलत होती. मी खिडकीतून बघत होते. आत जायचं धाडस झालं नाही. देवळात कुणी डोळे मिटून उभं असलं की आपण कसे घंटा न वाजवता थांबतो, तशी मी थांबले होते.

शेवटच्या तासाला ती माझ्याकडे आली.

"मॅडम, सोलणं कठीण नाही आहे. अंगठा एकटा सोलून घेतो. धरणं कठीण आहे. आपण सोलायची मशीन बनवून राहिलो होतो. धरायची बनवायला पाहिजे."

मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले होते की प्रश्न नीट वाचा. प्रश्नच चुकीचा आहे असं म्हणणारं मूल मला पहिल्यांदा भेटत होतं. मी तिला शाबासकी दिली नाही. मी नुसतीच तिच्या ओढणीची गाठ सोडून दिली, आणि मोकळा झालेला हात ती दुसऱ्या हाताने चोळत राहिली.

मग सुरू झाले चिमटे. कपडे वाळत घालायचा साधा लाकडी चिमटा, फळीवर स्क्रूने पक्का बसवलेला. त्यात शेंगेचं देठ धरायचं आणि मोकळ्या अंगठ्याने शेंग फोडायची. पहिला चिमटा शेंग चेंगरायचा. रिजेक्ट. मग त्याच्या जबड्यात सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. आता शेंग राहिली, पण फळीच सरकायला लागली. रिजेक्ट. फळीखालीही ट्यूब लावली. मग फळीला उतार दिला, दाणे घरंगळत वाटीत पडावेत म्हणून; पण उतार उजवीकडे दिला आणि वाटी यांच्या निर्जीव हाताशी गेली. चौघांपैकी एकही डावखुरं नव्हतं. यांनी वाटी उचलून डावीकडे ठेवली आणि फळी टेबलाच्या काठाशी ढकलली. वर नाक असं उडवलं की मला माझ्या पोळ्या आठवल्या.

सगळ्यात अवघड होतं ते चिमटा उघडायचं. चिमटा दाबायला बोटं लागतात, आणि शेंग धरायलाही बोटं लागतात. मुलं तिथे अडकली ती अडकलीच. मोटरवाला वैतागून म्हणाला, "दादाजी कभी पास करेंगे भी?" यांना ते ऐकू गेलं. यांच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला. मी त्या कोपऱ्याकडे बघत राहिले, हातातलं भांडं तसंच धरून.

याच दिवसांत एक गोष्ट घडू लागली होती, जी मी कुणाला सांगितली नाही, दृष्ट लागेल म्हणून. शनिवार आला की हे सकाळीच आरशाकडे बोट दाखवत. दाढी करून हवी असे. मुलं यायच्या आधी खुर्ची टेबलाला लागून हवी असे, आणि चष्मा. कारखान्यात जाताना जी घाई असे, तीच घाई. फक्त जायचं कुठे नव्हतं. काम स्वतःच चालत घरी येत होतं.

शेवटी वाट सापडली ती मोटरवाल्यालाच, आणि मोटरीशिवाय. तो एका शनिवारी आमच्याकडे चिमट्याशी झटापट करत होता, आणि कंटाळून त्याने मनगटच चिमट्याच्या शेपटीवर टेकवलं. चिमटा उघडला. बोटं मोकळीच होती. तो आपल्याच हाताकडे असा बघत बसला जणू तो हात आत्ताच कुणी आणून दिला आहे. मग त्यांनी शेपटीला लाकडी चमच्याचा दांडा जोडून ती लांब केली, म्हणजे तळहाताची टाच टेकली की जबडा उघडेल आणि उचलली की मिटेल. ही तरफ होती. माझ्या तीन प्रकारांपैकी पहिला प्रकार, टेकू मध्ये, बळ एका टोकाला. फळ्यावर मी ती शेकडो वेळा काढली असेल, पण ती इतकी सुंदर असते हे मला माहीत नव्हतं.

ती फळी यांच्यापुढे ठेवली त्या दिवशी दारात येताच मुलगी बाकीच्यांना दटावत होती, ते मी ऐकलं. "टाळ्या नाही वाजवायच्या कोणी. लहान बच्चे थोडी आहेत ते."

यांनी नेहमीसारखं बोट फिरवलं. मग एक शेंग उचलली. तळहाताची टाच टेकवली, चिमटा उघडला, देठ आत गेलं, टाच उचलली. शेंग उभी राहिली. यांनी अंगठा तिच्या पोटावर ठेवून दाबला. टिच्च असा आवाज झाला. मग अंगठा शिवणीवरून खाली आला, आणि दाणे एकामागून एक उतारावरून घरंगळत डावीकडच्या वाटीत गेले. यांनी परत टाच टेकवली, रिकामी साल पडली, दुसरी शेंग लावली. टिच्च. मग तिसरी. मी आयुष्यात मोठमोठे पूल पाहिलेत, धबधबा पाहिलाय, कारखान्यातल्या भट्ट्या पाहिल्यात. त्या टिच्च आवाजापुढे ते सगळं फिकं होतं. चार मुलं उभी होती आणि एक माणूस काम करत होता.

बऱ्याच शेंगा झाल्यावर यांनी फळी पुढे ढकलली. डावीकडे नव्हे. उजवीकडे हात पोचेल तितकी, स्वतःच्या गेलेल्या हाताजवळ. मुलीने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. तिला विचारायची गरज नव्हती.

जानेवारीअखेर शाळेत प्रदर्शन होतं. बाहेरून परीक्षक येणार, बक्षिसं वाटणार. मी मुलांना म्हटलं, जाऊन फळी घेऊन या, पॉलिश करा, शेजारी माहिती लावा. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुलगी म्हणाली, "नाही मॅडम."

"म्हणजे?"

"फळी कामात आहे. मटर आता संपून जाईल. तीन दिवस ती शाळेत राहिली तर सर काय करतील?"

मी त्यांना समजावलं. मीच समजावलं, हे विशेष. बक्षीस मिळेल, नाव होईल, तीन दिवसांनी काय बिघडतं. ती ऐकून घेत राहिली आणि मान हलवत राहिली. प्रदर्शनात त्यांच्या टेबलावर लाटण्यांचं यंत्र, चेंगरणारा चिमटा, सरकणारी फळी, उजव्या उताराची फळी, अशी सगळी रिजेक्ट झालेली पलटण मांडली होती, आणि मधली जागा रिकामी. परीक्षकांनी विचारलं, चालणारी वस्तू कुठे आहे? मोटरवाला छाती काढून म्हणाला, "सर, माल कस्टमर के पास है." परीक्षक हसले आणि पुढे गेले. बक्षीस ज्वालामुखीच्या मॉडेलला मिळालं. मी त्या रिकाम्या जागेपाशी इतका वेळ उभी होते की चपराशाने मला खुर्ची आणून दिली. या मुलांना मी शिकवते असं जग समजत होतं, आणि जगाला काय सांगणार?

प्रदर्शन आटपून मी घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. हे व्हरांड्यात, खांद्यावर शाल, पायाशी सालींचा ढीग, पुढ्यात काठोकाठ भरलेला डबा. मी पर्स ठेवली. "वा, छान," असं जिभेच्या टोकावर आलं होतं. वर्षभर मी तेच म्हणत आले होते, घास गिळला तरी छान, पाऊल टाकलं तरी छान. पण दिवसभर त्या मुलांच्यात होते, त्याचाच परिणाम असेल. मी चष्मा लावला आणि डब्यात हात घातला.

"अहो, हे काय? हे सगळे चेंगरलेत. आणि हा किडका आहे. हा कसा काय पास केला?"

यांनी झटकन मान वर केली. कान लाल झाले. डबा माझ्या हातातून ओढून घेतला, किडका दाणा शोधून काढला, उजेडात धरला. मग तो माझ्या तळहातावर आपटला आणि बोट रोखलं ते थेट भाजीच्या पिशवीवर. माल तूच असला आणलास.

"मी आणला? मी काय एक एक शेंग उघडून आणायची का?"

"हं." बोट परत पिशवीवर.

"बरोबर आहे, सगळं माझंच चुकतं. जन्मभर माझंच चुकलंय."

"हं!"

माझा आवाज चढला, यांचा 'हं' चढला, डबा लवंडला, दाणे पायऱ्यांवरून अंगणात गेले. आजारापासून आमच्याकडे जरा आवाज झाला की शेजारच्या बाई धावत येतात. तशा त्या आल्या, ओल्या हातांनी, भिंतीवरून डोकावत.

"वहिनी, काय झालं? भाऊजी बरे आहेत ना?"

मी डोळे पदराने पुसले, पण ते थांबत नव्हते.

"बरे आहेत," मी म्हणाले. "आम्ही भांडून राहिलो."